इन्सुलिन पंपाचा विमा: वॉरंटी असताना तो कशाला, आणि घेताना काय तपासायचं

तुमचा प्रश्न असा: मुलगी ११ वर्षांची, टाइप १ मधुमेह, पुढच्या महिन्यात इन्सुलिन पंप (अंगावर राहून शरीरात थोडं थोडं इन्सुलिन सोडणारं यंत्र) लागणार. कंपनीची ४ वर्षांची वॉरंटी आहे, घरातल्या सामानाचा विमा आधीपासून आहे, आरोग्य विमाही आहे. मग पंपासाठी आणखी वेगळा विमा कशाला? आणि घ्यायचाच झाला तर क्लेम नाकारला जाऊ नये म्हणून काय बघून घ्यायचं?

मी डायबेटिस एज्युकेटर आहे. पंप लावून देणं, मुलांना आणि आईवडिलांना तो शिकवणं, आणि पंप पडला, भिजला, हरवला की येणारे फोन घेणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. क्लेमचे कागद भरायलाही अनेक घरांबरोबर बसले आहे. त्या अनुभवावरून आधी उत्तर सांगते आणि मग कारणं. तुमच्या मुलीसाठी वेगळा विमा घ्या. पण पॉलिसी निवडताना हप्ता किती, यापेक्षा दुसरा पंप किती दिवसांत हातात पडेल, याकडे जास्त लक्ष द्या.

तुमच्याकडे आज जे तीन कागद आहेत, ते कुठवर पुरतात ते पाहू. बहुतेक घरांचा गोंधळ इथेच होतो.

वॉरंटी पंपाच्या स्वतःच्या दोषापुरती असते. मोटर अडकली, बटण दाबलं जात नाही, स्क्रीन काळी पडली, नवी बॅटरी घातली तरी दोन दिवसांत उतरते, अशी तक्रार असेल तर कंपनी पंप बदलून देते, आणि हे काम कंपन्या सहसा चटकन करतात. पण पंप जिन्यावरून आपटला, गाडीच्या दारात सापडला, सहलीत हरवला, कपडे बदलायच्या खोलीतून चोरीला गेला, तर वॉरंटीचा काही उपयोग नाही. ४ वर्षं हा आकडा ऐकला की आईवडिलांना वाटतं, चला, ४ वर्षं चिंता मिटली. मुलांच्या बाबतीत मला येणारे फोन मात्र बहुतेक या दुसऱ्या प्रकारचेच असतात.

आरोग्य विम्यातून पंप घ्यायला पैसे मिळत असतील तर फार चांगलं. पण ते पंप मिळवण्यापुरते. तोच पंप वर्षभरात हरवला तर दुसऱ्याचे पैसे मिळतील असं गृहीत धरू नका. नवा पंप आधीच्या पंपाची वॉरंटी संपल्यानंतरच, अशी अट बऱ्याच ठिकाणी असते. फोनवर विचारून भागत नाही. ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

घरातल्या सामानाच्या विम्याचं काय? तो कागद काढून तीन गोष्टी शोधा. पहिली, वस्तू घराबाहेर असतानाही संरक्षण आहे का. पंप तर मुलीच्या अंगावर असतो, म्हणजे दिवसाचा मोठा भाग तो घराबाहेरच. दुसरी, एका वस्तूसाठी जास्तीत जास्त किती रक्कम. पंपाची किंमत ही मर्यादा सहज ओलांडते आणि वरचा भाग तुमच्या अंगावर येतो. तिसरी, अपवादांच्या यादीत ‘वैद्यकीय उपकरणे’ किंवा ‘शरीरावर वापरायची उपकरणे’ असं काही लिहिलं आहे का. या तिन्हीतून पंप पार होत असेल तर विमा कंपनीला पंपाचं नाव, मॉडेल, सिरीयल नंबर आणि किंमत कळवून तो पॉलिसीत वेगळा नोंदवून घ्या. अशी नोंद हप्त्यात थोडी वाढ करून मिळते, आणि वेगळी पॉलिसी घेण्यापेक्षा ती स्वस्तही पडू शकते. पण नोंद झाल्याचा कागद हातात येईपर्यंत ती झाली असं समजू नका.

१९६३ च्या सुमारास अमेरिकेत डॉ. अर्नोल्ड कॅडिश यांनी केलेला पंप पाठीवर दप्तरासारखा वागवावा लागे. आजचा पंप तळहातात मावतो, कमरेच्या पट्ट्याला अडकतो, आणि लहान झाला म्हणूनच तो निसटतो, पडतो, कपड्यांबरोबर धुवायला जातो. पँट खाली करताना क्लिप सुटून पंप थेट कमोडमध्ये पडणं हा तर मी सर्वाधिक ऐकलेला अपघात आहे. मुलं ते सांगायला लाजतात, आणि लाजेपायी दोन दिवस गप्प बसतात. तुमच्या मुलीला आजच सांगून ठेवा, की असं कुणाचंही होतं, कुणी रागावणार नाही, फक्त लगेच सांग.

आता पॉलिसीच्या शब्दांकडे.

‘चोरी’ आणि ‘हरवणे’ हे विम्याच्या भाषेत एक नाहीत. काही पॉलिसी फक्त चोरीचे पैसे देतात, तेही कुलूप तोडल्याची खूण असेल तर. पोहायला जाताना मुलगी पंप काढून पिशवीत ठेवते, परत येते तर पिशवीत पंप नाही. हे काय झालं? चोरी म्हणावी तर पुरावा नाही, हरवला म्हणावं तर पॉलिसीत तो शब्द नाही. म्हणून ‘अपघाताने हरवणे’ हे शब्द पॉलिसीत स्पष्ट लिहिलेले असलेच पाहिजेत. त्याच पानावर ‘वस्तू लक्ष न देता सोडलेली असल्यास’ अशी अट आहे का तेही पाहा. पंप तासभर काढून ठेवावा लागतो असे प्रसंग मुलांच्या आयुष्यात येतातच: पोहणं, कुस्ती, आणि एमआरआय तर पंप काढल्याशिवाय करताच येत नाही, कारण तिथल्या चुंबकाने मोटर कायमची बिघडू शकते. अशा वेळी पंप कुलूपबंद कपाटात किंवा शिक्षकांच्या हातात ठेवलेला चालेल का, हे विमा कंपनीला सरळ विचारा. ‘मूल दुसऱ्या कुणाच्या देखरेखीखाली असताना’ संरक्षण आहे की नाही, हा प्रश्नही याच पत्रात घाला, कारण शाळेचे तास त्यात येतात.

पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. जाहिरातीत ‘वॉटरप्रूफ’ दिसलं की लोक निर्धास्त होतात. पंपाच्या माहितीपत्रकात आयपीएक्स ७ किंवा आयपीएक्स ८ असा निर्देशांक असतो. आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं पडला तरी आत पाणी जाणार नाही, अशी चाचणी झालेली. आयपीएक्स ८ म्हणजे त्याहून जास्त, पण किती खोल आणि किती वेळ हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते आणि लिहिते. ही चाचणी नव्या, कुठेही तडा न गेलेल्या पंपावर केलेली असते. वर्षभर मुलाच्या कमरेला राहून चार वेळा आपटलेला पंप त्या आकड्यांना बांधलेला राहत नाही.

एकदा एका मुलाचा पंप माझ्या टेबलावर होता. वरून पाहिला तर ठीकठाक. दिव्याखाली तिरका धरला तेव्हा बॅटरीच्या झाकणापासून निघालेली, केसाएवढी बारीक चीर दिसली, आणि स्क्रीनच्या आतल्या बाजूला हिवाळ्यात खिडकीच्या काचेवर धरते तशी वाफ धरलेली होती. आदल्या दिवशी मुलगा पंपासकट पाण्यात उतरला होता. वडिलांनी क्लेमच्या अर्जात प्रामाणिकपणे लिहिलं, की चीर तीन-चार महिन्यांपासून होती, पण पंप चालू होता म्हणून लक्ष दिलं नाही. पंप बनवणारी कंपनी म्हणाली, पाणी शिरलंय, वॉरंटीत बसत नाही. विमा कंपनी म्हणाली, हे हळूहळू झालेलं नुकसान आहे, अपघात नव्हे. दोन्ही दारं बंद झाली. त्या घरावर आलेला खर्च मी विसरलेले नाही.

वडिलांनी खरं लिहिलं हे योग्यच केलं. खोटं लिहायला मी कधीही सांगणार नाही. पंपाच्या आत प्रत्येक अलार्मची वेळ नोंदलेली असते आणि खोटं उघडं पडतं. चूक झाली ती तीन महिने आधी. चीर दिसली त्याच दिवशी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला असता, तर पंप वॉरंटीत बदलून मिळण्याची चांगली शक्यता होती, कारण बॅटरीच्या आणि रिझर्व्हॉयरच्या (इन्सुलिन भरलेल्या छोट्या नळकांड्याच्या) खाचेपाशी पडणाऱ्या चिरा कंपन्यांच्या ओळखीच्या असतात. म्हणून माझ्याकडे पंप शिकणाऱ्या प्रत्येक घराला एक सवय लावते. दर तिसऱ्या दिवशी इन्फ्यूजन सेट (पंपातून शरीरात इन्सुलिन नेणारी नळी आणि सुई) बदलताना पंप दिव्याखाली चारही बाजूंनी फिरवून पाहायचा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

याच संदर्भात पंपाची नोंदणीही महत्त्वाची. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये पंप बनवणाऱ्या मेडट्रॉनिकने मिनीमेड ६०० मालिकेतल्या पंपांच्या रिटेनर रिंगबद्दल सुरक्षा सूचना काढली होती. रिझर्व्हॉयर जागेवर धरून ठेवणारी ती कडी तुटली किंवा सैल झाली तर इन्सुलिन कमी किंवा जास्त जाण्याचा धोका होता. पुढे २०२१ मध्ये, वॉरंटी संपलेली असली तरी पारदर्शक रिंग असलेले पंप फुकट बदलून देऊ, असं कंपनीने जाहीर केलं. अशा ठिकाणी विम्याचा संबंधच नाही, जबाबदारी बनवणाऱ्याची. पण सूचना तुमच्यापर्यंत पोचायला तुमचं नाव आणि चालू फोन नंबर कंपनीकडे हवा. घर बदललं, नंबर बदलला की कळवा.

रकमेचा हिशेब करताना लोक दोन जागी फसतात. एक म्हणजे कमी रकमेचा विमा. हप्ता वाचवायला पंपाची किंमत निम्मी लिहिली, तर अनेक पॉलिसींमध्ये प्रत्येक नुकसानाचे पैसेही निम्मेच मिळतात, अगदी नुकसान त्या निम्म्या रकमेत बसणारं असलं तरी. त्यामुळे कंपनीकडून आजच्या किमतीचं लेखी कोटेशन घ्या. पंप, ट्रान्समीटर (अंगावरच्या साखर मोजणाऱ्या सेन्सरचे आकडे पंपाला पाठवणारा), पंप चालवायचा वेगळा कंट्रोलर असेल तर तो, असं सगळं त्यात वेगवेगळं मांडलेलं असू द्या आणि तेवढ्याच रकमेचा विमा घ्या. तुम्हाला सवलतीत मिळाला असला तरी पूर्ण किंमत धरा, कारण दुसऱ्यांदा ती सवलत मिळेलच असं नाही. इन्फ्यूजन सेट, रिझर्व्हॉयर, सेन्सर ही वापरून टाकायची वस्तू असते, ती विम्यात धरत नाहीत.

दुसरी जागा घसाऱ्याची. ‘जुन्याच्या बदल्यात नवा’ असं लिहिलेलं नसेल तर पंपाचं वय मोजून रक्कम कापली जाते. तिसऱ्या वर्षी हरवलेल्या पंपाचे हातात येणारे पैसे पाहून लोक हबकतात. नवा पंप मात्र पूर्ण किमतीलाच घ्यावा लागतो, तीन वर्षं वापरलेला पंप विकत मिळत नाही. माझ्या मते ‘नवा’ हा शब्द नसलेली पॉलिसी पंपासाठी घेऊच नये, हप्ता कितीही कमी असो. क्लेममधली पहिली ठरावीक रक्कम तुम्ही भरायची, ही अट मात्र फारशी वाईट नाही. ती मान्य करून हप्ता कमी होत असेल तर करा, फक्त ती रक्कम घरात बाजूला ठेवलेली असावी.

आणि मॉडेलच बंद झालं तर? २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने अ‍ॅनिमास पंपांचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि ते पंप वापरणाऱ्यांना दुसऱ्या कंपनीच्या पंपाकडे वळावं लागलं. अशा वेळी पॉलिसीत ‘तोच मॉडेल’ लिहिलेलं असेल तर वाद होतो. ‘तेच किंवा तेच काम करणारं सध्याचं मॉडेल’ असे शब्द हवेत. तुमच्या मुलीचा पंप सेन्सर वाचून इन्सुलिन आपोआप कमीजास्त करणारा असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण ‘एक इन्सुलिन पंप’ एवढ्याच शब्दांखाली साधा पंपही देता येतो.

पंप कुणाच्या मालकीचा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्ही विकत घेत असाल तर प्रश्न नाही. पण काही ठिकाणी पंप रुग्णालयाचा किंवा एखाद्या योजनेचा असतो आणि वापरायला दिला जातो. तेव्हा सही करण्याआधी करारात एक ओळ शोधा: हरवला किंवा तुटला तर भरपाई कुणी करायची. ती तुम्ही करायची असेल तर विमा तुम्हीच घ्यायचा, मात्र पॉलिसीत ‘स्वतःच्या मालकीच्या वस्तू’ एवढंच लिहून चालणार नाही, ‘ज्यांची जबाबदारी विमाधारकावर आहे अशा वस्तू’ असंही हवं. आणि रुग्णालयच बदलून देणार असेल तर तसं लेखी घ्या आणि विम्याचे पैसे वाचवा.

पंप विना-नळीचा, अंगाला चिकटवायचा असेल तर गणित बदलतं. त्याचा पॉड, म्हणजे इन्सुलिन भरून चिकटवायचा भाग, साधारण ३ दिवसांनी टाकूनच द्यायचा असतो, त्याचा विमा नसतो. महागाची वस्तू तिथे कंट्रोलर, किंवा ज्यावर अ‍ॅप चालतं तो फोन. पॉड पाण्यात चालतो म्हणून कंट्रोलरही चालेल असं अनेकांना वाटतं, आणि कंट्रोलर बुडतो. कंट्रोलर गेला तर पॉडमधून ठरलेला बेसल (दिवसभर संथपणे जाणारं इन्सुलिन) काही काळ जात राहतो, पण जेवणाचा बोलस (जेवताना एकदम द्यायचा डोस) बहुधा देता येत नाही. अशा पंपाला मोठ्या रकमेच्या विम्याऐवजी कंट्रोलरपुरतं संरक्षण बऱ्याचदा पुरेसं होतं.

काही घरांत पंप इंटरनेटवरच्या, मान्यता न मिळालेल्या लूप प्रणालीला (सेन्सर वाचून पंप आपोआप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) जोडून वापरतात. ज्यांनी ती मेहनतीने जुळवली आहे त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण वॉरंटी आणि विमा दोन्हीकडे ते कारण पुढे येऊ शकतं. विमा घेताना न सांगितलेली गोष्ट क्लेमच्या वेळी समोर येणं सगळ्यात वाईट. तुमच्याकडे तसं काही असेल तर सांगा.

प्रवासी विम्यात दोन वेगळे भाग असतात आणि लोक ते एकच समजतात. उपचाराच्या भागासाठी मधुमेह आधीच जाहीर करावा लागतो, नाहीतर परगावी रुग्णालयात भरती झाल्यावर कंपनी हात वर करते. पंप मात्र सामानाच्या भागात येतो आणि तिथली मौल्यवान वस्तूंची मर्यादा फार लहान असते. म्हणून मुख्य पॉलिसीतच ‘जगभर’ संरक्षण आहे का, आणि सलग किती दिवसांपर्यंत, ते पाहून ठेवा. लांबच्या प्रवासाला जाताना पंपाच्या कंपनीला विचारा, काही कंपन्या प्रवासापुरता जादा पंप उसना देतात. आणि पंपाचं सामान, इन्सुलिन, पेन हे हातातल्या पिशवीतच ठेवायचं. विमानाच्या सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी सुरुवातीला ‘किती दिवसांत’ म्हटलं, ती. पंपात फक्त जलद काम करणारं इन्सुलिन असतं, तेही थेंबाथेंबाने जाणारं. पेनने इंजेक्शन घेणाऱ्याच्या शरीरात दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्सुलिनचा साठा असतो. पंपवाल्या मुलीच्या शरीरात तो नसतो. पंप थांबला की तीन-चार तासांत आधीचा असर ओसरतो, साखर चढते, आणि त्यापाठोपाठ काही तासांत किटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी घातक आम्लं) वाढू लागतात. रात्री झोपताना पंप बंद पडला आणि कळलं नाही, तर सकाळी मूल उलट्या करत उठू शकतं. विम्याचं काम कितीही चपळ असलं तरी ते दिवसांत मोजलं जातं, मुलीचं शरीर तासांत मोजतं. ही दरी कुठलीच पॉलिसी भरून काढत नाही, ती घरातल्या तयारीनेच भरावी लागते.

माझ्या एका रुग्णाच्या घरी शुक्रवारी संध्याकाळी पंप आपटून बंद पडला. विमा होता, चांगला होता. पण विमा कंपनीचं दार सोमवारी उघडणार. फ्रिजमध्ये जलद इन्सुलिनचं पेन होतं, दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्सुलिनचं पेन मुदत संपलेलं. आणि बेसलचे आकडे फक्त त्या बंद पडलेल्या पंपात. आई फोनवर रडत होती, की दिवसाला एकूण किती इन्सुलिन जातं तेच तिला सांगता येत नव्हतं, कारण दोन वर्षं पंपच ते जाणत होता. जुन्या भेटीच्या कागदांवरून आकडे शोधून डॉक्टरांनी डोस ठरवून दिला तोवर किटोन वाढलेले होते आणि मुलाला रात्र रुग्णालयात काढावी लागली.

म्हणून पंप सुरू होईल त्याच दिवशी डॉक्टरांकडून एक कागद लिहून घ्या: पंप बंद पडला तर दीर्घकाळ टिकणारं इन्सुलिन किती आणि कधी, जेवणाला किती, किटोन किती असतील तर काय करायचं, कितीला थेट रुग्णालय गाठायचं. मुलगी वाढते तसे आकडे बदलतात, त्यामुळे तो दर भेटीत नवा करायचा. तासातासाचा बेसल, कार्ब रेशो (किती कार्बोहायड्रेटला किती इन्सुलिन), करेक्शन फॅक्टर (एका युनिट इन्सुलिनने साखर किती उतरते) हे पंपाच्या स्क्रीनवर उघडून प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि दोघा पालकांच्या फोनमध्ये ठेवा. डेटा महिन्यातून एकदा तरी संगणकावर अपलोड करा. दोन्ही प्रकारची पेनं, सुया आणि किटोनच्या पट्ट्या एका डब्यात, डब्यावर सर्वात आधी संपणाऱ्या वस्तूची तारीख लिहून. न उघडलेली पेनं फ्रिजमध्ये, गोठणकप्प्यापासून लांब. शाळेतही असाच एक छोटा डबा हवा.

हे सगळं असेल तर मग पॉलिसीतला वेळ निवांतपणे विचारता येतो. क्लेम मंजूर झाल्यावर तुम्ही पंप विकत घेऊन पावती द्यायची, की कंपनी थेट पुरवठादाराला पैसे देते? पहिल्या पद्धतीत पूर्ण रक्कम आधी तुम्हाला उभी करावी लागते, आणि सगळ्यांना ती जमत नाही. सुट्टीच्या दिवशी क्लेम नोंदवता येतो का? मंजुरी येईपर्यंत उसना पंप मिळतो का? दोन पॉलिसी सारख्या वाटल्या तर या तीन उत्तरांवर निवड करा.

आणि वेळ आलीच तर क्रम असा. आधी मुलगी: साखर, किटोन, पेन. मग पंपाच्या कंपनीची हेल्पलाइन. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या आणि ‘हे वॉरंटीत बसत नाही’ असं ते म्हणाले तर तेच ईमेलवर मागून घ्या, कारण विमा कंपनी सर्वात आधी तोच कागद मागते. मग विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. उशिरा कळवलं हे क्लेम नाकारण्याचं सोपं कारण असतं. चोरी किंवा हरवणं असेल तर पोलिसांत नोंद करा आणि तिची प्रत घ्या. तुटला असेल तर पंपाचे, तड्याचे आणि सिरीयल नंबरचे फोटो काढा. घटनेबद्दल चार ओळी लगेच लिहून ठेवा: केव्हा, कुठे, कुणी पाहिलं. आठवड्याने आठवून लिहिलेलं आणि पंपातल्या नोंदी जुळल्या नाहीत की शंका घेतल्या जातात.

तुटलेला पंप टाकू नका, घरी उघडू नका, हेअर ड्रायरने वाळवू नका. इथे एक पेच येतो. वॉरंटीत नवा पंप पाठवणारी कंपनी जुना परत मागते, आणि विमा कंपनीला तोच तपासायचा असतो. विमा कंपनीने ‘पाठवला तरी चालेल’ असं लेखी कळवल्याशिवाय तो हातातून सोडू नका. पाठवताना आतला रिझर्व्हॉयर आणि बॅटरी काढून घ्यायची, आणि पाठवल्याची पावती जपायची.

विमा नको, असंही मी काहींना सांगते. वॉरंटीचे चारसहा महिनेच उरलेत आणि नवा पंप मंजूर झाला आहे, किंवा करारानुसार रुग्णालयच बदलून देतं, किंवा मोठ्या माणसाचा पंप आहे, काम बैठं आहे, आणि दुसऱ्या पंपाएवढी रक्कम त्यांच्याकडे बाजूला आहे, तर हप्ता भरण्यापेक्षा तेच पैसे साठवलेले बरे. ११ वर्षांच्या, धावणाऱ्या-पोहणाऱ्या मुलीच्या बाबतीत मात्र मी हा धोका घेणार नाही.

शेवटी तारखेबद्दल, कारण तुमच्याकडे महिनाच आहे. पंपाचा खोका घरी येतो तो दिवस आणि तुम्ही शिकून पंप सुरू करता तो दिवस यांत एकदोन आठवडे जातात. तेवढ्या काळात खोका कपाटात असतो आणि बऱ्याचदा विम्याशिवाय असतो. पॉलिसी खोका हातात येण्याच्या दिवसापासून सुरू करायला सांगा. खोका उघडलात की पंपाच्या मागच्या बाजूचा सिरीयल नंबर खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबरशी जुळवून पाहा, तिन्हींचा एकत्र फोटो काढा आणि त्याच संध्याकाळी विमा कंपनीला ईमेल करा. एक आकडा जरी चुकला असेल, तर तो त्या दिवशी एका फोनवर दुरुस्त होतो.